निळ्या कोपऱ्यातला पाहुणा

स्वतःची ओळख करून देताना आमचा कोच आधी हरलेल्या लढती सांगायचा. जिममध्ये नवा माणूस आला की त्याचा हात हातात घ्यायचा आणि म्हणायचा, "ओसाका, हरलो. बँकॉक, हरलो. परत बँकॉक, परत हरलो. मनिलात इतका सुंदर हरलो की लोक उठून उभे राहिले. त्याच्यासाठी राहिले, पण मीही तिथेच होतो ना!" समोरचा गोंधळून हसायचा. बँकांतली, विमा कंपन्यांतली मंडळी ही. त्यांना शिकवायला कोणीतरी जगज्जेता हवा असायचा. मग हा त्यांची समजूत घालायचा, "जिंकलोही आहे. पण ते घरी. घरी कोणीही जिंकतं."

हे शेवटचं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मान खाली घातली. मी नुकताच घरी जिंकून आलो होतो.

ते आधीच सांगून टाकतो. मी माझ्या मुलाला मारलं होतं. ओजस तेव्हा चौदा वर्षांचा. गणिताच्या मार्कांवरून मी बोलत होतो, बोलता बोलता आवाज चढला, आणि तो त्याच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला, "यू ओन्ली नो हाऊ टू शाउट लाह, पा." पुढचं माझ्या हाताने केलं, असं मी मनाशी बरेच दिवस म्हणत आलो. हाताने नाही, मीच केलं. त्याचा चष्मा उडून शू-रॅकखाली गेला. मी वाकून तो काढला, पुसला आणि त्याला दिला. भुवईजवळ बारीकसं कापलं होतं. बायकोने एक शब्द न बोलता बर्फ आणला. त्यानंतरही ती त्यावर काही बोलली नाही, आणि मी तर नाहीच. घरात न बोलण्याची कला आमच्याकडे पिढीजात आहे.

जखम भरली. पण नंतर मी फडताळातून ताट काढायला हात वर केला आणि ओजस शेजारी असला, की त्याचे डोळे मिटायचे, खांदा कानाशी जायचा. क्षणभरच. लगेच तो सरळ होऊन मोबाइल बघायला लागायचा, आणि मी ताट सापडत नसल्याचं नाटक करायचो. मला ते थांबायला हवं होतं. मुलाने माझ्या शेजारी डोळे उघडे ठेवून उभं राहावं, याहून जास्त मला त्या काळात काहीच नको होतं.

आता कोणी विचारेल, की स्वतःच्या हाताची भीती वाटते म्हणून माणूस बॉक्सिंग शिकायला जातो का? दारू सोडायची म्हणून गुत्त्यात नोकरी धरावी, तसलाच तो प्रकार. मला वाटलं असावं, की या हाताचं काय करायचं हे ज्यांचा तो धंदा आहे त्यांना तरी माहीत असेल. राहायला सिंगापुरात चोआ चू कांग, नोकरी जुरोंग आयलंडवरच्या प्लँटमध्ये, आणि जिम निवडली पाया लेबारला, बेटाच्या पार दुसऱ्या अंगाला. महाराष्ट्र मंडळातलं कोणी भेटायला नको. विचारलंच असतं कोणी, तर मी 'पाठीसाठी' म्हणणार होतो.

एका औद्योगिक इमारतीत, मालाच्या लिफ्टने वर जाऊन ही जिम लागायची. खालच्या मजल्यावर केक करणाऱ्यांचा कारखाना होता, त्यामुळे तिथे घामाचा आणि व्हॅनिलाचा मिळून एक विचित्र वास असे. मालक जुना चिनी ठेकेदार. त्याने हौसेने एक अख्खी भिंत आरशांची केली होती, आणि कोचने ती आल्या आल्या जुन्या चादरींनी झाकून टाकली होती. मालक वैतागायचा. "लोकांना फोटो काढायचे असतात!" कोच म्हणायचा, "आरशात माणूस नेहमी जिंकत असतो. मग तो शिकणार कधी?" मालक चादरी काढायचा, कोच परत लावायचा. दोघांचं त्यावरून कधी मोठं भांडण झालं नाही. एक काढत राहिला, दुसरा लावत राहिला.

हातांना पट्ट्या बांधायचं काम तो कोणालाही स्वतःचं स्वतः करू देत नसे. समोर स्टूल घेऊन बसायचा, आपला हात स्वतःच्या गुडघ्यावर ठेवून घ्यायचा, आणि लहान बाळाला दुपट्यात गुंडाळावं तसा गुंडाळायचा. त्या वेळात ऑफिसचं बोलायचं नाही. माणसाचा हात सैल सोडलेला आहे की नाही, यावरून तो दिवसभराचा माणूस ओळखायचा. मला 'इन्हेनिएरो' म्हणायचा. त्यांच्या मेक्सिकोत इंजिनियरला नावाने हाक मारत नाहीत म्हणे. आपण 'डॉक्टर' म्हणतो, तसं.

एकदा पट्टी बांधता बांधता म्हणाला, "इन्हेनिएरो, तुझा डावा हात सरळ जातो. उजवा चोरासारखा जातो आणि अर्ध्या वाटेवरून परत येतो. कोणाला मारलंस?"

"कोणाला नाही."

"बायकोला?"

"छे!" मी इतक्या मोठ्याने म्हणालो, की बॅगपाशी उभे असलेले दोघे वळून बघायला लागले.

"मग मुलाला," तो म्हणाला आणि पट्टी बांधत राहिला. घट्टही नाही, सैलही नाही, रोजच्यासारखीच. आजवर हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. आणि कोणाला कळल्यावर पहिल्यांदा काय होतं, तर हात त्याच्या गुडघ्यावर तसाच राहतो, एवढंच होतं. मी त्याचा आभारी आहे तो तिथपासून.

त्यानंतर बरेच आठवडे त्याने मला ठोसा मारूच दिला नाही. मी फक्त अडवायचं, चुकवायचं, आणि लागलाच तर डोळे उघडे ठेवायचे. ते मला जमेना. त्याचा हात नुसता हलला की माझ्या पापण्या मिटायच्या. मी चिडलो स्वतःवर. तो म्हणाला, "पापणीला रागावून उपयोग नाही. तिला आठवण असते. तिला नवीन आठवणी द्याव्या लागतात, पुष्कळ, आणि कंटाळवाण्या." त्या दिवशी पाया लेबारहून घरी येईपर्यंत एमआरटीच्या गाडीत मी उभाच होतो. जागा होती, पण बसवेना.

त्याची स्वतःची कारकीर्द तो सलग कधी सांगत नसे. तुकड्या-तुकड्यांनी कळली ती अशी: मेक्सिकोच्या उत्तरेकडच्या एका धुळीच्या गावात वाढला, मिसरूड फुटायच्या आत बॉक्सिंगच्या या धंद्यात शिरला, बैलांच्या झुंजीच्या रिंगणात फळ्या टाकून तिथे लढला. चांगला होता. एका महिन्यापुरता तर त्याच्या वजनगटात जगातल्या पहिल्या दहांत त्याचं नाव आलं होतं. पण ती यादी छापणारं मासिक गावात पोचेपर्यंत नाव परत खाली गेलेलं. "माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा महिना," तो म्हणायचा, "आणि मी त्यात काय करत होतो? मामाच्या घराला रंग देत होतो!"

मग एक मोठी लढत आली, ती जिंकला असता तर जगज्जेत्याशी गाठ पडली असती. तीत त्याचा जबडा मोडला. बरा झाल्यावर परत उभा राहिला, पण आता त्याला बोलावणं यायचं ते वेगळ्या कामासाठी. कुठल्यातरी देशात कोणी तरुण मुलगा वर येत असतो. त्याला अनुभव द्यायला बाहेरून एक पाहुणा बोलवतात. कसलेला, टिकणारा, पण बहुधा हरणारा. लाल कोपरा घरच्या मुलाचा, निळा कोपरा पाहुण्याचा. हा पुढची सगळी वर्षं निळ्या कोपऱ्यात राहिला. सिंगापूरलाही तसाच आला, हरला, आणि मालकाने त्याला इथेच ठेवून घेतलं.

मी एकदा मूर्खासारखं विचारलं, "म्हणजे तुम्ही मुद्दाम हरायचात?"

त्यानंतर दोन आठवडे त्याने माझ्या हातांना पट्ट्या बांधल्या नाहीत. मालकाकडून बांधून घ्याव्या लागल्या, आणि मालकाचा हात म्हणजे विटांचा ट्रक बांधल्यासारखा. शेवटी मी माफी मागितली तेव्हा म्हणाला, "मी हरेन म्हणून त्यांनी मला बोलावलं, हे खरं. पण मी प्रत्येक वेळी जिंकायला गेलो. दोन्ही गोष्टी खऱ्या असतात, इन्हेनिएरो. तुमच्या प्लँटमध्ये नसतात का?"

जेवणाच्या बाबतीत तर बोलायलाच नको. खिशात लिंबू बाळगायचा. चिकन राइसवर लिंबू, नूडल्सवर लिंबू, कलिंगडावर लिंबू आणि तिखट. हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत प्रत्येक स्टॉलची मिरचीची चटणी बोटाने चाखून निकाल द्यायचा. "सभ्य आहे." किंवा, "हिला घरातून कोणी बाहेर पाठवलंच नाही." स्टॉलवाल्या आजीबाई त्याला ओळखायच्या आणि चमचा उगारायच्या.

पण त्याची खरी ओळख म्हणजे त्याची एक पद्धत. लढत हरली की तो कपडे बदलायच्या आधी जिंकणाऱ्याच्या खोलीवर जायचा, दार वाजवायचा आणि विचारायचा, "तुला काय लागलं?" एवढंच. माझं कुठे चुकलं, नाही. तू कसा जिंकलास, नाही. माझा कुठला ठोसा तुला लागला?

मी ते डोळ्यांनी पाहिलं. हेझचं वर्ष होतं, सुमात्राकडच्या धुराने आठवडेच्या आठवडे आभाळ राखाडी होतं. इथल्या एका वर येणाऱ्या मुलाची लढत ठरलेली, आणि बाहेरून यायचा तो पाहुणा आयत्या वेळी आजारी पडला. आयोजकांनी कोचला विचारलं. वयाने तो त्या मुलाच्या काकासारखा. तरी वैद्यकीय तपासणीत पास झाला आणि लग्नाला बोलावणं यावं तसा खूश होऊन फिरत राहिला. निळ्या कोपऱ्यात बादली धरायला मी.

दुपारची लढत. हरला, गुणांवर, नेहमीसारखा नेटका. भुवईवर बर्फ धरून तो तडक निघाला आणि मी बादलीसकट मागे. आत त्या मुलाचे मित्र जमलेले, फोटो चाललेले.

"तुला काय लागलं?" कोचने विचारलं.

"नथिंग लाह, अंकल!" मुलगा म्हणाला आणि सगळे हसले.

कोच हलला नाही. "खरं सांग. मी कोणाला सांगणार नाही. हा इंजिनियर आहे, याला यातलं काही कळत नाही."

मुलाने मित्रांकडे पाहिलं, मग हळूच बनियन वर करून बरगडीवर बोट ठेवलं. "इथे. चौथ्या राउंडमध्ये. श्वासच गेला होता. जज्जना कळू नये म्हणून मी हसलो."

"मला वाटलंच होतं," कोच म्हणाला. "थँक्यू." आणि बाहेर आला तो मिरवणुकीतून आल्यासारखा.

संध्याकाळी हॉकर सेंटरमध्ये त्याला चावता येत नव्हतं म्हणून पेज घेतली, लिंबू पिळून. मी विचारलं, हे खूळ कुठून आलं? तो म्हणाला, जबडा मोडला त्या दिवशी तो खोलीत एकटा पडलेला असताना जिंकणारा आला, शेजारी बसला आणि सुजलेला हात त्याच्यासमोर धरला. तोंडाने बोलला काहीच नाही. "मी दाबून पाहिलं तर तो ओरडला. मला इतकं बरं वाटलं! मारणाऱ्याला काही माहीत नसतं, इन्हेनिएरो. प्रेक्षकांना नाही, जज्जना नाही. ज्याला लागतं त्याला विचारावं लागतं." मग पेज ढवळत म्हणाला, "तू विचारलंस?"

"काय?"

"तुझ्या मुलाला. काय लागलं ते."

"मला माहीत आहे काय लागलं. माझा हात लागला."

"तुला कसं माहीत? लागलं त्याला ना?"

विचारायला मला बरेच रविवार लागले. शेवटी एका सकाळी मासळी घ्यायला निघालो असताना, बस स्टॉपवर शेजारी शेजारी उभे राहून विचारलं. समोरासमोर मला जमलं नसतं.

"ओजस, मी तुला मारलं होतं ना. त्या दिवशी. तुला काय लागलं?"

"सो लाँग ऑलरेडी, पा."

"तरी सांग."

आमची बस आली, दार उघडलं, आणि आम्ही दोघंही चढलो नाही. बस गेल्यावर तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "यू क्लोज द डोअर. फर्स्ट यू क्लोज द डोअर. देन यू पिक अप माय स्पेक्स."

आमच्या ब्लॉकमध्ये दिवसा घरांची दारं वाऱ्यासाठी उघडी असतात, बाहेरची लोखंडी जाळी तेवढी लावलेली. कॉरिडॉरमधून जाणारा-येणारा आत बघतो, हात करतो. पोराला मारल्यावर मी आधी ते दार लावलं होतं. रक्त आलेल्या मुलाकडे बघायच्या आधी शेजाऱ्यांना ऐकू गेलं का ते बघितलं होतं. शपथेवर सांगतो, मला ते आठवतच नव्हतं. मला आठवत होता तो वाकून चष्मा काढणारा, पुसून देणारा बाप.

पुढची बस आली, आम्ही चढलो. सुरमई आणली.

कोचला सांगितलं. वाटलं, शहाणपणाचं काही बोलेल. तो म्हणाला, "छान उत्तर दिलं. आणि तू?"

"मी गप्प राहिलो."

"गप्प?" तो खरोखर रागावला, मी त्याला रागावलेलं तेवढं एकदाच पाहिलं. "माणूस बनियन वर करून दाखवतो आणि तू निघून येतोस?"

ओजसच्या पापण्यांबद्दल सांगायचं तर त्या एका दिवसात सुधारल्या नाहीत. पुष्कळ, कंटाळवाण्या दिवसांनी सुधारल्या. कधी, ते मला सांगता येणार नाही. एकदा लक्षात आलं की बऱ्याच दिवसांत तसं झालेलं नाही. पण सुरुवात कुठे झाली ते सांगता येतं.

कोच परत गावी जायचा होता. तिथे पोरांना शिकवणार होता. जायच्या आधीच्या रविवारी बायकोने त्याला जेवायला बोलावलं. तो इस्त्रीचा शर्ट घालून, पिशवीभर लिंबं घेऊन आला. भात, आमटी, सुरमई, आणि बायकोने मुद्दाम केलेला ठेचा. मी त्याला जपून घ्यायला सांगितलं तर त्याने माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं आणि चमचाभर तोंडात टाकला. मग चमचा खाली ठेवला, उठला, डोळ्यांतून पाणी वाहत असताना बायकोसमोर वाकला आणि लढत संपल्यावर करतात तसा दोन्ही हातांनी तिचा हात हातात घेतला. "सेन्योरा," तो म्हणाला, "लागलं." बायको इतकी हसली की तिला ठसका लागला. ओजस तर टेबलावर डोकं ठेवून हसत होता. मग कोच उभ्या-उभ्या मनिलाची लढत करून दाखवायला लागला, तिथल्या प्रेक्षकांच्या आरोळ्यांसकट.

तेवढ्यात जाळीपाशी शेजारची आंटी थांबली. पासष्टीची, एकटी राहणारी, दारातल्या कुंड्यांत जीव अडकलेली. "वाह, सो नॉइझी," ती म्हणाली. "क्वॉरल आह?"

मी उठलो. नुसत्या सवयीने. "सॉरी, आंटी," म्हणत दाराला हात घातला, आणि दार अर्धं आलं तेव्हा मागे घरातलं हसणं थांबल्याचं मला कळलं. वळून पाहिलं. ओजस घास हातात धरून माझ्याकडे बघत होता. माझ्याकडे नाही, माझ्या दारावरच्या हाताकडे.

मी दार परत पूर्ण उघडलं. "नो क्वॉरल, आंटी," मी म्हणालो. "मागे एकदा मी ओजसला मारलं होतं. थोबाडीत. आणि तुम्हाला ऐकू येऊ नये म्हणून दार लावून घेतलं होतं. त्याबद्दल आज मी त्याची माफी मागतोय." हे सगळं इंग्रजीत, प्लँटमधल्या मीटिंगमध्ये बोलावं तसल्या सपाट आवाजात.

"पा!" ओजसचे कान लाल झाले. "डोन्ट एनीहाऊ से लाह!"

आंटीने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "आय नो," ती म्हणाली. "दॅट टाइम आय हिअर ऑलरेडी."

म्हणजे दार लावून काहीच झाकलं गेलं नव्हतं. इतके दिवस ही बाई मला लिफ्टमध्ये रोज गुड मॉर्निंग म्हणत होती, माझ्या मुलाला वाढदिवसाला संत्री देत होती, आणि तिला माहीत होतं. लाज वाटली. पण त्या लाजेबरोबर छातीवरून काहीतरी उतरलंही, हे आज लिहायला हरकत नाही.

मी ओजसकडे वळलो. मराठीत म्हणालो, "मी तुला मारलं. तुझी काही चूक नव्हती. आणि तुझ्याकडे बघायच्या आधी मी दार लावलं. ते तर फारच वाईट केलं."

तो ताटातला भात बोटांनी गोळा करत राहिला. बायकोने पदराने डोळे पुसले; ठेच्याने आले म्हणायची सोय होती, पण ती तसं म्हणाली नाही.

कोचला माझं हे मराठीतलं बोलणं कळलं नव्हतं. तो अजून मनिलातच उभा होता, मुठी वर. त्याने सगळ्यांची तोंडं पाहिली, मुठी खाली घेतल्या आणि म्हणाला, "या सेन्योरांना बाहेर का उभं केलंय?" आमच्या घरात, आमच्या पाहुण्याने, आमच्या शेजारणीला आत बोलावलं. बायकोने जाळीचं कुलूप काढलं. आंटी चपला काढून आत आली आणि सुरमईकडे बघून खुर्ची शोधायला लागली.

ओजसने स्वतःची खुर्ची बाजूला सरकवून तिला जागा केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "बस ना आता, पा. भात गार होतोय."